न्यायालय ते प्रयोगशाळा : सागर विद्यापीठाच्या अपराधशास्त्र व न्यायसहायक विज्ञान विभागाची वाटचाल

नागपूर-इटारसी लोहमार्गावर पांढुर्णा सोडले की तिगाव येते आणि तिथून चिचोंड्यापर्यंत गाडी घाट चढते. या पट्ट्यात रुळांवर मृतदेह सापडला, शेतावरची फवारणीची बाटली कोणी तोंडाला लावली, धुऱ्याच्या भांडणात कुऱ्हाड निघाली, की ठाण्यात मर्ग कायम होतो, पंच बोलावले जातात, जप्ती होते आणि लाखेचे सील लागते. आपले रुग्ण नागपूरला जातात, संत्री नागपूरला जातात, सोयरीकही बहुधा तिकडेच जुळते. मुद्देमाल मात्र वर्षानुवर्षे सागरला गेला. पांढुर्णा-सौंसरच्या मराठी माणसाला सागर हे नाव ठाऊक झाले ते असे, न्यायालयाच्या तारखेला येणाऱ्या तपासणी अहवालाच्या डोक्यावर छापलेले.

मुद्देमाल तपासणारी प्रयोगशाळा सागरलाच का, आणि त्याच गावातल्या विद्यापीठात अपराधशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा देशातला पहिला विभाग का निघाला, या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. विद्यापीठाला २०२६ मध्ये ऐंशी वर्षे होत असताना या स्मरणिकेसाठी त्या विभागाचा इतिहास मांडताना दृष्टी थोडी आपल्या सोयीची ठेवली आहे. आपल्या भागातून वकिली शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना या इतिहासातून काय घेता येईल, हे पाहत पाहत तो लिहिला आहे.

पूर्वपीठिका : १९४६ ते १९५८

विद्यापीठ उभे केले ते एका वकिलाने. डॉ. हरिसिंह गौर यांचा जन्म सागरचा, १८७० चा. केंब्रिजला शिक्षण, लंडनला बॅरिस्टरी, आणि मग वकिली रायपूर-नागपूरकडे. नागपूरकरांना ते आपलेच वाटत. तिथल्या नगरपालिकेचे ते अध्यक्ष होते, नागपूर विद्यापीठाचे दोनदा कुलगुरू झाले, दिल्ली विद्यापीठाचे तर पहिले कुलगुरू. भारतीय दंड संहितेवरचे त्यांचे भाष्य वकिलांच्या कपाटात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. देशाला स्वतःचे सर्वोच्च न्यायालय हवे ही मागणी त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात १९२१ मध्येच केली होती. अशा माणसाने आयुष्याच्या कमाईतले २० लाख रुपये घातले आणि १८ जुलै १९४६ रोजी सागरला विद्यापीठ सुरू झाले. आरंभीचे वर्ग मकरोनियाच्या लष्करी बराकींमध्ये भरत, पुढे पथरिया टेकडीवर आजचा परिसर उभा राहिला. डॉ. गौर १९४९ च्या डिसेंबरात वारले. अपराधशास्त्राचा विभाग त्यांनी पाहिला नाही, पण दंड संहितेच्या भाष्यकाराच्या विद्यापीठात हा विषय परका नव्हता.

सागरची दुसरी जमेची बाजू पोलिसांची. १९०६ पासून तिथे पोलीस प्रशिक्षणाची संस्था आहे आणि ती आहे किल्ल्यात. तलावाकाठचा हा किल्ला मराठी वाचकाला अनोळखी नसावा. पानिपताच्या आधी मारले गेलेले गोविंदपंत बुंदेले, म्हणजे रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे गोविंद बल्लाळ खेर, यांच्या घराण्याचा कारभार याच सागरातून चालला. पेशव्यांच्या मामलतदाराच्या तटबंदीत पुढे फौजदार घडू लागले, हा इतिहासाचा आवडावा असा योगायोग.

त्या काळी न्यायालयात विज्ञान किती होते? फार थोडे. बोटांच्या ठशांचे केंद्र कलकत्त्याला १८९७ मध्ये निघाले होते आणि ती विद्या देशभर रुळली होती. विषाचा संशय आला की व्हिसेरा सरकारी रासायनिक परीक्षकाकडे जाई. वकिलाच्या हाताशी जयसिंग मोदींचे न्यायवैद्यकावरचे जाडजूड पुस्तक असे. १९५२ मध्ये कलकत्त्याला आणि १९५८ मध्ये मुंबईला न्यायसहायक प्रयोगशाळा सुरू झाल्या. प्रयोगशाळा येऊ लागल्या, पण तिथे काम करणारे तज्ज्ञ आणि त्यांना प्रश्न विचारू शकणारे वकील घडवायचे कुठे, याची तजवीज कोणत्याही विद्यापीठाने केलेली नव्हती.

याच काळात आपल्या भागाची दिशाही बदलली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला गेले आणि आपल्या वकिलांची अपिले दक्षिणेऐवजी उत्तरेला निघाली.

१९५९ ते १९६९ : पायाभरणी

१९५९ मध्ये सागर विद्यापीठाने अपराधशास्त्र व न्यायसहायक विज्ञान या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. देशातला हा पहिला. पंडित द्वारकाप्रसाद मिश्र तेव्हा कुलगुरू होते. पुढे ते मुख्यमंत्री झाले. अशा नव्या विषयाला मान्यता, जागा आणि पैसा मिळवणे सोपे नव्हते. विद्यापीठाचे प्रशासन, विभागाचे पहिले अध्यापक आणि पोलीस खात्यातले अधिकारी यांनी मिळून ते ओढून नेले. एकाच माणसाच्या नावावर हे श्रेय लावता येणार नाही आणि लावूही नये.

अडचण खरी विषयातच होती. अपराधशास्त्र समाजशास्त्राकडे झुकते, न्यायसहायक विज्ञान रसायन, भौतिकी आणि जीवशास्त्राकडे, आणि दोन्हींचा शेवट होतो पुराव्याच्या कायद्यात. हा विषय स्वतः पदवीसाठी शिकलेले अध्यापक देशात असणे शक्य नव्हते, कारण अशी पदवीच नव्हती. म्हणून शेजारच्या शास्त्रांतून आलेल्यांनी एकमेकांकडून शिकत शिकवावे लागले. हिंदीत पुस्तके नव्हती. मराठीतून आलेल्या मुलाला तर इंग्रजी आणि हिंदी असे दोन घाट चढावे लागत.

त्याच वर्षी, १९५९ च्या डिसेंबरात, सर्वोच्च न्यायालयाने असा एक निकाल दिला की तो या विभागासाठीच लिहिला असावा असे वाटते. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवेला त्यांचा डॉक्टर अनंत लागू १९५६ च्या नोव्हेंबरात रात्रीच्या गाडीने मुंबईला घेऊन गेला. बेशुद्ध अवस्थेत त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले ते दुसऱ्याच नावाने. त्या वारल्या, प्रेत बेवारस पडले, आणि बाईंची मालमत्ता डॉक्टरच्या हाती जाऊ लागली. पुढे रासायनिक विश्लेषकाला व्हिसेऱ्यात विष सापडले नाही. तरीही सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत शिक्षा कायम राहिली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिला, न्यायमूर्ती सरकार यांनी वेगळे मत नोंदवले. हिदायतुल्ला यांनी नागपुरात वकिली केली होती आणि तिथल्या विधी महाविद्यालयात वर्षानुवर्षे शिकवले होते. कायद्याच्या विद्यार्थ्याने हा निकाल दोन्ही बाजूंनी वाचावा. विष सापडले नाही म्हणजे विष दिले नाही असे होत नाही, कारण काही विषे शरीरात टिकत नाहीत, काही शोधायची रीतच त्या काळी नव्हती. आणि तरीही, प्रयोगशाळा गप्प असताना परिस्थितीजन्य पुराव्यावर माणसाला फाशीच्या दोरापर्यंत नेताना साखळीची प्रत्येक कडी किती तपासावी लागते, हे सरकार यांच्या विरोधी मतातून कळते.

१९६१ मध्ये काठी कालू ओघड प्रकरणात ११ न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले की आरोपीच्या बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे नव्हे. त्यामुळे ठसे आणि हस्ताक्षर यांच्या अभ्यासाला कायद्याचे भक्कम बूड मिळाले. पाठोपाठ १९६४ मध्ये राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळा सागरला सुरू झाली. पोलीस प्रशिक्षण, विद्यापीठाचा विभाग आणि प्रयोगशाळा एकाच गावात असण्याचा लाभ देशात फार थोड्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांना मिळतो. इंदूर, ग्वाल्हेर आणि भोपाळ इथल्या प्रादेशिक प्रयोगशाळा नंतरच्या.

१९७० ते १९७९ : एका सोयीची किंमत

दशक शांतपणे गेले. दिल्लीत केंद्र सरकारने १९७२ मध्ये अपराधशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाची राष्ट्रीय संस्था काढली, आणि विषयाला देशपातळीवर जागा मिळाली. सागरच्या विभागाचा एकटेपणा संपला, हे चांगलेच झाले.

वकिलांच्या दृष्टीने मात्र या दशकातली महत्त्वाची गोष्ट दुसरीच. १९७३ ची नवी फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावता पुराव्यात वाचता येतो, ही जुन्या संहितेच्या ५१० व्या कलमातली तरतूद तिच्या २९३ व्या कलमात आली, आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत ती ३२९ व्या कलमात आहे. सोय मोठी. छिंदवाड्याच्या खटल्यासाठी सागरचा शास्त्रज्ञ दर तारखेला येणार कसा? पण या सोयीने वकिलांना आळसही लावला. न्यायालय तज्ज्ञाला बोलावू शकते, हे त्याच कलमात लिहिलेले आहे. बचावाचा वकील ती विनंती क्वचित करतो, कारण बोलावून विचारायचे काय हे त्याला ठाऊक नसते. अहवालाला प्रदर्श क्रमांक पडतो आणि तो फाइलमध्ये जातो. कायदा शिकणाऱ्यांना विज्ञान शिकवायचे ते नेमके एवढ्यासाठी.

१९८० ते १९८९ : डीएनएची चाहूल

१९८३ मध्ये विद्यापीठाला डॉ. हरिसिंह गौर यांचे नाव दिले गेले. पुण्याच्याच शरद बिरदीचंद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रे सांगितली. वकील त्यांना पंचशील म्हणतात आणि आजही फौजदारी अपिलांत ती हटकून येतात. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनए ठशांची पद्धत सापडली. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात लालजी सिंह यांनी १९८८ पर्यंत ती भारतात विकसित केली. पुढे सागरच्या प्रयोगशाळेतही डीएनए तपासणी होऊ लागली, आणि रक्तगटावर थांबणारा धडा त्याच्या पलीकडे गेला.

१९९० ते १९९९

या दहा वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. विषयाच्या पदव्या इतर विद्यापीठांतही सुरू होत गेल्या. जागा, निधी, नेमणुका यांवरून कुठल्या संस्थेत मतभेद होत नाहीत? इथेही झाले असतील. वर्ग मात्र चालू राहिले, आणि त्याचे श्रेय अध्यापकांइतकेच प्रयोगशाळा सहायकांना, ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांना आणि वसतिगृहाच्या भोजनगृहाला आहे.

२००० ते २००९ : संगणक आणि केंद्रीय दर्जा

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये आला आणि पुरावा कायद्यात ६५ ब हे कलम घुसले. संगणकातली नोंद न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवे. बहुतेक वकिलांनी त्याकडे बरीच वर्षे काणाडोळा केला. २००५ च्या दुरुस्तीने बलात्काराच्या गुन्ह्यातील आरोपीची आणि पीडितेची वैद्यकीय तपासणी कशी करायची, नमुने कसे घ्यायचे, हे संहितेत आले, आणि डीएनए हा शब्द कायद्याच्या पुस्तकात पहिल्यांदा वाचायला मिळाला. बार कौन्सिलने २००८ मध्ये विधी शिक्षणाचे नियम केले, त्यांत फौजदारी गटातल्या ऐच्छिक विषयांत न्यायसहायक विज्ञानाला जागा मिळाली. ऐच्छिकच. आमच्या मते तिथेच घोडे अडले.

२००९ च्या जानेवारीत सागर विद्यापीठ केंद्रीय झाले. तोपर्यंत छिंदवाडा जिल्ह्यातली महाविद्यालये त्याला जोडलेली होती. आपल्याकडच्या कित्येक घरांत भिंतीवर टांगलेल्या पदव्यांवर सागरचीच मुद्रा आहे. ते नाते सुटले. पुढे २०१९ मध्ये छिंदवाड्यालाच विद्यापीठ आले, आज ते राजा शंकर शाह यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच २००९ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुंबई आणि औरंगाबाद येथे न्यायसहायक विज्ञानाच्या शासकीय संस्था सुरू केल्या, नागपूरची त्यानंतर. सागरच्या विभागाला पन्नास वर्षे होत असताना सीमेपलीकडे मराठी मुलांना घराजवळ पर्याय मिळाला, याचा हेवा वाटण्याचे कारण नाही.

२०१० ते २०१९ : न्यायालयांनी दिलेले धडे

सेल्वी प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को चाचणी करायला मनाई केली. २०१४ मध्ये अन्वर निकालाने ६५ ब च्या प्रमाणपत्राची सक्ती केली, आणि मुरलेले वकीलही धांदलले. त्या वादाचा शेवट झाला तो जालन्याच्या निवडणूक याचिकेत, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या २०२० च्या निकालात. मराठवाड्यातल्या एका मतदारसंघात उमेदवारी अर्ज किती वाजता दाखल झाला, या प्रश्नातून देशभरच्या सीसीटीव्ही चित्रणाचा कायदा ठरला. मुलांना हे सांगितले की ६५ ब आपोआप लक्षात राहते.

२०२० पासून : अहवाल वाचायला शिकवणे

गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० च्या कायद्याने आले. दिल्लीची १९७२ ची संस्था त्यात सामील झाली आणि नागपूरजवळच्या त्याच्या परिसराची पायाभरणी २०२५ मध्ये झाली. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा सौंसरसह स्वतंत्र जिल्हा आहे. आणि १ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू आहेत.

या कायद्यांनी विभागाच्या पासष्ट वर्षांच्या कामाला नवे वजन दिले. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ व्या कलमाप्रमाणे सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे आणि तिथल्या कामाचे चित्रण करायचे आहे. ही सक्ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. १०५ व्या कलमाने झडती-जप्तीचे चित्रण आले. साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमातल्या प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत, दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे त्या फाइलचा गणिती ठसा, लिहावे लागते. हॅश मूल्य म्हणजे काय, हे ज्याला उमगले नाही त्याने व्हॉट्सअ‍ॅप संदेशावर उलटतपासणी घ्यायची कशी?

म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला हा विषय शिकवताना भर कुठे द्यावा, याबद्दल थोडे. त्याला रसायनशास्त्रज्ञ करायचे नाही. त्याला मुद्देमालाचा प्रवास उलट्या दिशेने चालायला शिकवायचा आहे, अहवालापासून घटनास्थळापर्यंत. पार्सल प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोचले? जप्ती कोणत्या तारखेची? मधले दिवस ते मालखान्यात कोणाच्या ताब्यात होते, रोजनामचा काय म्हणतो? सीलचा नमुना सोबत पाठवला होता का, आणि अहवालात तो जुळल्याची नोंद आहे का? रक्ताचे कपडे सावलीत वाळवून कागदात बांधले, की ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले? व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवला, तर त्या द्रावणाचाही नमुना वेगळा पाठवला होता का? रुळावरच्या मृतदेहाच्या जखमा जिवंतपणीच्या की मरणानंतरच्या, हे शवविच्छेदनात लिहिले आहे का? या प्रश्नांना लागते ती चिकाटी, मोठी बुद्धिमत्ता नव्हे. २०२२ मध्ये दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा झालेले तिन्ही आरोपी सोडले. नमुने कित्येक दिवस मालखान्यात पडून होते आणि डीएनए अहवाल कोणत्या रीतीने काढला हे नीट सिद्ध झाले नव्हते. त्या निकालावर समाजात संताप उसळला, तो समजण्यासारखा होता. पण ती कडी निसटली तेव्हा खालच्या न्यायालयात सरकारी आणि बचावाचा असे दोन्ही वकील हजर होते.

आपल्याकडचे एक उदाहरण इथे टाळता येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावच्या मधे जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. दगड चालतात, डोकी फुटतात, माणसे दगावलीही आहेत. हजारो डोळ्यांदेखत झालेल्या त्या जखमांचा फिर्यादी मात्र पुढे येत नाही. अपराधशास्त्राच्या विद्यार्थ्याला समाज, रूढी आणि कायदा यांचा गुंता समजून घ्यायला याहून जवळचा विषय मिळणार नाही. कोणीतरी आपल्या मुलाने त्यावर नीट प्रबंध लिहावा असे आम्हांला मनापासून वाटते.

आज सागरचा विभाग पदवी, पदव्युत्तर आणि पीएच.डी. अशा तिन्ही पातळ्यांवर शिकवतो. केंद्रीय विद्यापीठ असल्याने तिथल्या पदवीच्या प्रवेशाची वाट सामाईक परीक्षेतून, म्हणजे सीयूईटीतून जाते. त्याच परिसरात विधी विभागही आहे. विज्ञानाच्या मुलांनी पुराव्याचा कायदा शिकायचा आणि कायद्याच्या मुलांनी प्रयोगशाळेत उभे राहायचे, ही दुहेरी ये-जा नियमाने व्हावी, ऐच्छिक राहू नये, एवढी विनंती विभागाला आणि विद्यापीठाला या स्मरणिकेच्या वतीने करतो.

तिगाव, पांढुर्णा, सौंसरकडच्या ज्या मुलामुलींनी यंदा विधी शाखेला नाव घातले आहे त्यांनी न्यायसहायक विज्ञानाचा ऐच्छिक विषय घ्यावा, आणि सनद मिळाल्यावर पहिल्या फौजदारी खटल्यात तपासणी अहवालाची प्रत मागून ती पहिल्या पानापासून वाचावी.